आप्पा विरुद्ध हवाई दल

खोली भाड्याने मागायला आलेल्या माणसाला देवगोंडा आप्पा पहिला प्रश्न विचारायचे, "सूरज डुबने के बाद क्या करता तुम?"

समोर बहुधा हवाई दलातला एखादा तरणा पोरगा असायचा. पंजाबातला, केरळातला, नाहीतर थेट आसामातला. नुकतंच लग्न झालेलं, बायकोला गावाकडून आणायची म्हणून खोली शोधत फिरणारा. हा प्रश्न ऐकून तो कानापर्यंत लाल व्हायचा. एक जण खाली मान घालून म्हणाला, "कुछ नहीं अंकल, सो जाता हूँ." दुसऱ्याला वाटलं, म्हातारा दारूचं विचारतोय. त्याने तिथल्या तिथे आईची शपथ घेतली. आप्पांना यातलं काहीच विचारायचं नसायचं. ते कट्टर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारे. आपल्या खोलीत राहणाऱ्यानेही तसंच उरकावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

बरं, ही परीक्षा बसून व्हावी की नाही? नाही. आप्पांच्या बुडाखाली जणू निखारे असायचे. सोप्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या चालू, आणि तो बिचारा एअरमन टोपी हातात घेऊन मागोमाग. पद्माक्का, म्हणजे आप्पांची बायको, आतून म्हणायच्या, "अवो, बसू द्या की त्याला. दिवसभर परेड करून आलाय त्यो."

मी निपाणीची. लग्न होऊन बेळगावात सांबरा रस्त्याकडेच्या या गल्लीत आले आणि मराठी शाळेत शिकवायला लागले. आप्पांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत. बाहेरगावच्या लोकांना वाटतं, सांबरा म्हणजे आभाळात सदान्‌कदा विमानं. तसं काही नव्हतं. विमान आलं तर आम्हीसुद्धा पोळपाट टाकून बघायला बाहेर धावायचो. इथे हवाई दलाची शाळा होती, आणि पोरं आपली जमिनीवरच शिकायची. पण एकाहत्तरच्या लढाईनंतर ती शाळा वाढत गेली, शिकवणारे वाढले, आणि लग्न झालेल्यांना आत राहायला जागा पुरेना. मग त्यांना बाहेर खोली घेऊन राहायची परवानगी मिळाली. दिल्लीत कुणीतरी सही केली आणि आमच्या गल्लीतल्या गोठ्यांच्या खोल्या झाल्या. म्हशी उचगावला पाहुण्यांकडे गेल्या.

गल्लीचा चेहराच बदलला. किराणा दुकानात मोहरीचं तेल दिसायला लागलं. कंग्राळीहून भाजी घेऊन येणारी गंगव्वा "भैया, ताजा हाय, ले के जाव" म्हणायला लागली. शाळेत हजेरी घेताना नव्या मुलांची नावं उच्चारता उच्चारता माझ्या जिभेला पीळ पडायचा. दुकानाची पाटी मराठीत हवी की कन्नडात, यावरून आमच्याकडे डोकी फुटायची वेळ येते. त्या भांडणात हिंदी मागच्या दाराने कधी आत शिरली आणि पाट मांडून बसली, कुणाला कळलंही नाही.

आप्पा मूळचे चिकोडीकडचे. बेळगावात भुसार मालाचं दुकान, घरात माणसं दोनच. मूलबाळ नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, आणि त्यांच्यासमोर दुसरं कुणीही बोलत नसे. मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, त्या त्यांनी भाड्याने द्यायला काढल्या. भाड्यापेक्षा नियमांचीच यादी मोठी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पाणी गाळून प्यायचं. आणि अंड्याचं तर नाव काढायचं नाही.

पण हवाई दलाच्या शिध्यात अंडी यायची, त्याला कोण काय करणार? तोडगा माझ्या सासूबाईंनी काढला. अंडी भिंतीवरून आमच्याकडे यायची, आमच्या स्टोव्हवर उकडायची, आणि भाडेकरू ती आमच्याच परसात खाऊन, चूळ भरून घरी जायचा. आता आप्पांसमोर त्यांना म्हणायचं काय? बटाटे म्हणावं, तर बटाटेही बंद! शेवटी 'सामान' हे नाव ठरलं. आप्पा स्वतःच विचारायचे, "वैनी, पोराचं सामान पोचलं न्हवं?" आणि उत्तर यायच्या आत तोंड फिरवून बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, दिशेने हात जोडायचे.

त्यांच्या तोंडी एकच वाक्य, "मला काय त्याचं!" हे वाक्य म्हटलं की समजावं, आता आप्पा त्यात गळ्यापर्यंत बुडणार. एका बंगाली भाडेकरूची बायको नवी आली आणि आठवडाभर नुसती रडत बसली. आप्पा म्हणाले, "रडती तर रडू दे. मला काय त्याचं!" आणि सायकल काढून अख्खा कॅम्प पालथा घातला. संध्याकाळी एका अनोळखी बंगाली बाईला तिच्या नवऱ्यासकट टांग्यातून घेऊन आले. दोघी बायका दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आप्पा वैतागून म्हणाले, "काय कलकलाट हो ह्यो! चला, मला दुकान हाय."

अशा भाडेकरूंच्या रांगेत राजन आणि सुमती आले. राजन कॉर्पोरल, केरळचा. त्यांची मिनी आप्पांच्या त्या मागच्या खोलीतच रांगायला लागली, आणि रांगत रांगत पुढच्या सोप्यात आली ती तिथलीच झाली. सुमती तिला 'मोळे' म्हणायची, म्हणजे पोरी. आप्पाही म्हणायला लागले. आमच्या भागातला राकट आवाज आणि तो मऊ शब्द! "मोळे, हिकडं ये गं! मोळे, त्ये तोंडात घालू नगं!"

मिनीला जेवायचा भारी कंटाळा. बसवलं की ओठ घट्ट मिटायची. आई थकली, बाप थकला. एकदा आप्पा तिला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होते. पद्माक्कांनी मागून सहज दूधभाताचा घास पुढे केला, आणि पोरीने तो खाल्ला! चालणं थांबलं की तोंड बंद, चाललं की उघडं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, उन्हं उतरायच्या आधी, वाटी आप्पांच्या हातात. जन्मभर ज्या पायांना लोक हसले, त्या पायांना एकदाचं काम मिळालं होतं. आप्पा चालत, मिनी जेवत, आणि आप्पांना गोष्ट एकच येत होती, ती कुठल्याशा हत्तीची. तो हत्ती अर्धा मराठी बोलायचा, अर्धा कन्नड.

मग बातमी आली की सरकार आतच क्वार्टर बांधतंय.

"बांधू दे. मला काय त्याचं!" आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची सायकल रोज सांबऱ्याला जाऊ लागली. तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून ते बांधकाम बघत आणि घरी येऊन सगळ्या गल्लीला हकिगत सांगत. "आज पाया भरला. पर वाळू काय बरी न्हाय." काही दिवसांनी, "भिंती उठल्या, पर वाकड्या हाईत."

इथे आप्पांनी एक चूक केली. बाजारात वाढलेला माणूस, त्याला वाटलं, हवाई दल म्हणजे आपल्यासारखाच एक घरमालक आणि हे गिऱ्हाईक पळवायचं काम चाललंय. मग गिऱ्हाईक सांभाळायचं, तर माल सुधारला पाहिजे! क्वार्टरच्या भिंती उभ्या राहिल्या तशी आप्पांनी न्हाणीघरात नवी फरशी घातली. तिकडे छत पडलं, इकडे सुमतीला सांगितलं, "दिवस मावळल्यावर जेवला तर चालंल म्हणावं. राजनला डूटी असती." गिलावा सुरू झाला आणि कांद्याला मोकळीक मिळाली. खिडक्या बसल्या त्या दिवशी लसूणही आत आला. आम्ही भिंतीआडून तोंडाला पदर लावून हसायचो. सासूबाई म्हणायच्या, "रंग लागला की काय करतील गं हे?"

रंग लागला. त्या संध्याकाळी आप्पा सुमतीच्या दारात उभे राहिले. चेहरा असा, जणू ताप चढलाय. म्हणाले, "ते तुझं सामान... हितंच उकड. दुसऱ्याच्या घरी कशाला जायाचं रोज?"

पद्माक्का आत होत्या. त्यांच्या हातून तांब्या पडला. आम्हीसुद्धा हसायचं विसरलो. सुमती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नको आप्पा. तुमच्या घरात नाही. मी असेपर्यंत कधी नाही." आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला, पण 'असेपर्यंत' हा शब्द त्यांच्या लक्षात आला असावा. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, असं पद्माक्का म्हणाल्या.

हुकूम आला. क्वार्टर तयार, बाहेर राहायची परवानगी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा धोतर, कोट, टोपी अशा थाटात आमच्या दारात. "बाई, चला माझ्यासंगं. तुमची हिंदी बरी हाय. सायबाला भेटायचं."

गेटवरच्या शिपायाने आम्हाला बराच वेळ उभं केलं. म्हणजे मी उभी होते, आप्पा फाटकासमोर इकडून तिकडे फिरत होते, आणि शिपाई त्यांच्याबरोबर मान फिरवत होता. शेवटी एक तरुण अधिकारी बाहेर आला. चांगला माणूस. आम्हाला आत नेऊन बसायला खुर्च्या दिल्या. आप्पा अर्थात बसले नाहीत. त्यांनी आपल्या खोल्यांचं वर्णन सुरू केलं. विहिरीचं पाणी गोड, वारा पश्चिमेचा, फरशी नवी. मी जमेल तसं हिंदीत सांगत होते. अधिकारी हसून म्हणाला, "बाबा, आपके किरायेदार को सरकारी घर मिल रहा है. खुश होना चाहिए."

"घर हुतंच की त्येला! माझं काय घर न्हवं?" आप्पांचा आवाज चढला. अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं. हुकूम सगळ्यांना सारखा, त्यात कुणाला निवड नाही. राजन स्वतः म्हणाला तरी त्याला बाहेर राहता येणार नाही.

आप्पा थांबले. एकदम, पाऊल उचलता उचलता. मला वाटतं, ही निवडीची गोष्टच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्येला सांगा, ती पोरगी चालल्याबिगर जेवत न्हाय. राजन डूटीवर. सुमतीला परत दिवस गेल्यात, तिला हुईत न्हाय. हितं पोरीला कोण फिरवणार? ह्यो फिरवणार?"

मी शेवटचा प्रश्न गाळणार होते, पण आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. तसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्याच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच विरलं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "मेरी भी बेटी है, बाबा. अंबाला में. वो कैसे खाती है, मुझे मालूम नहीं." मी हे आप्पांना मराठीत सांगितलं. जाताना ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.

हवाई दलाचा ट्रक आला. सामान चढवायला आप्पाच सगळ्यांत पुढे. दोऱ्या आवळल्या, मडकी पेंढ्यात बसवली, ड्रायव्हरला खड्डे कुठे कुठे आहेत ते सांगितलं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला आणि गल्ली अशी सुनी वाटली की मला माझ्याच घरात करमेना. एकेक करत सगळ्यांचे भाडेकरू गेले. गंगव्वाची हिंदी बंद झाली. आप्पांकडे एक बँकेतला माणूस खोली बघायला आला. त्याला त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसतं सांगितलं, "खोली रिकामी न्हाय."

काही दिवसांनी एका रविवारी दुपार कलल्यावर राजन सायकलवरून मिनीला घेऊन आला. सुमती मागून रिक्षाने. आप्पांनी विचारलं, "जेवती का गं पोरगी?"

राजन भला माणूस. बातमी चांगली म्हणून त्याने आनंदाने सांगितली, "एकदम बढिया, आप्पा! अब तो बैठ के खाती है. बाकी बच्चों के साथ, अपने हाथ से."

"चांगलं झालं," आप्पा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "लई चांगलं झालं." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उगाच नीट करू लागले. मला बघवेना. मला त्या राजनचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

सुमतीने ते पाहिलं. ती पटकन म्हणाली, "खोटं बोलते हे, आप्पा. ह्यांना काय ठाऊक? हे तर डूटीवर. लई त्रास देती पोरगी. आज सकाळपासून काही खाल्लं नाही. तुम्हीच बघा."

"व्हय?" आप्पा वळले. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय! अगं, दूधभात आण!"

वाटी आली. मिनीला कडेवर घेऊन आप्पा सोप्यातून अंगणात, अंगणातून भिंतीपर्यंत चालू लागले. हत्ती पुन्हा कन्नड बोलायला लागला. मी तोवर भिंतीच्या अलीकडे येऊन दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. मिनीने पहिला घास घेतला, तो गालातच राहिला. दुसरा घेतला, गाल फुगला. पोरीचं पोट भरलेलं होतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं.

आप्पा भिंतीजवळ थांबले. मागे सोप्यात सुमती बघत होती, म्हणून तिच्याकडे पाठ केली आणि मिनीच्या तोंडाखाली आपला तळवा धरला.

"भूक न्हाय व्हय, मोळे? थुंक हितं," ते हळूच म्हणाले. "आईला सांगू नगं बरं का. तिला वाईट वाटंल."