शेंगगडास रसद पोहोचली त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण व काळी आई यांचे पायी मस्तक ठेवोन, जैसे घडले तैसे लिहिले ऐसीजे. शके १८९४, परिधावी नाम संवत्सर, पौष मास, ते समयी एका हरभऱ्याच्या झाडाचे राज्य बहुत संकटी पडिले. भुई भेगाळली आणि मुळांच्या गाठींतून वर चढणारे अमिनो आम्ल आटले. अमिनो आम्ल म्हणजे नत्राची रसद. तिजविना दाण्याचे अंग भरत नाही. शेंगगडी सगुणाबाईसाहेब राज्य करीत, त्यांचे कुशीत एकच दाणा, तोही सुरकुतू लागला. बाईंनी चहूंकडे जासूद धाडिले. वरच्या कोवळ्या पानांनी आज-उद्या केली. लिहिताना आम्हांस अजून संताप येतो. मग अगदी तळाच्या पानगडाचे वृद्ध किल्लेदार धारोजीबावा उठले आणि बोलिले, "बाईसाहेबांस सांगा, रसद निघाली म्हणोन." जासूद म्हणाला, "बावा, आपले कोठार तर रिकामे!" बावा म्हणाले, "वाडा उभा आहे ना? पाडा!" त्यासरशी हिरवे महाल पाडिले आणि त्यांची प्रथिने मोडोन अमिनो आम्लाची गाठोडी बांधिली. कारभारी घाईने शिरांवरच्या हमालांसही, तेही प्रथिनांचेच म्हणोन, मोडू लागला, तो बावा गरजले, "अरे, हमाल मोडलेस तर माल कोण चढविणार? तुझा बाप?" मग पेशीहून पेशी करीत गाठोडी रसवाहिनीचे वाटेस लागली, आणि इकडे देठाची वेस मिटू लागली, तरी हमाल थांबेनात. शेवटले गाठोडे निसटले आणि वेस बंद जाहली.

शेंगगडाचा रिवाज मोठा कडक. आईचे घरातून दाण्याचे घरात थेट वाट नाही. माल मधल्या ओट्यावर उतरावा आणि दाण्याकडील देवडीवाल्याने आत घ्यावा. तोही प्रोटॉन नामे शिलेदार बाहेरून सोबत शिरेल तरच. ओट्यावर गाठोड्यांची रास पडली आणि बाहेर प्रोटॉन एकही नाही! कारण त्यांस आतून बाहेर लोटणारे पंपवाले उपाशी. दाणा आत तळमळतो, माल दारात पडलेला, बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. देवडीवाला सटवोजी हात जोडोन म्हणाला, "आईसाहेब, सोबती आल्यावाचून हे दार माझ्याने हलत नाही. मी तरी काय करू?" तेव्हा बाईंनी आपले सालीत राखलेली साखर पंपवाल्यांस पोहोचविली आणि आपण पिवळ्या पडल्या. मग पंप चालिले, प्रोटॉन बाहेर आले, आणि त्यांचे संगती गाठोडी आत जाऊ लागली, आणि दाण्याने अंग धरिले.

बाईंस बहुत हर्ष जाहला. म्हणाल्या, "धारोजीबावांस बोलवा. आम्ही आपले हाते विडा देऊ." सटवोजी मान खाली घालोन म्हणाला, "आईसाहेब, बावा आले की. आत्ता ओट्यावरून आत घेतले ते बावाच." इतक्यात वारा सुटला आणि तळाचे एक पिवळे पान भुईवर पडिले. बाईंस रडू आवरेना.

तात्पर्य, त्या साली ते राज्य वाळोन गेले. दाणा मात्र भरला, तो पुढे पेरिला. येणेप्रमाणे वर्तमान जाहले.