कॅनडाला पाठवायचा नीलकंठ

या दसऱ्याला पोरीला नीलकंठाचा फोटो पाठवायचा, आणि असा पाठवायचा की त्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा तिला दिसली पाहिजे, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं. यात गुन्हा काय आहे, तुम्हीच सांगा! पण मी काही ठरवलं की प्रकरण पोलीस पाटलापर्यंत जातं, असा माझ्या बायकोचा अनुभव आहे. (या वेळी ते फॉरेस्टच्या गार्डापर्यंतच गेलं. म्हणजे माझी प्रगती आहे.)

तुम्ही इकडचे नसाल तर सांगतो. आमच्या मूल-सावली तालुक्यांच्या भागात दसऱ्याच्या सकाळी नीलकंठ बघायला निघतात. तो दिसला की हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि मनात असेल ते मागायचं. आमची दिव्या लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून यायची. नीलकंठ दिसला की डोळे गच्च मिटून मागत बसायची, इतका वेळ की तो बिचारा कंटाळून उडून जायचा. आता ती कॅनडात नोकरीला आहे. तीन दसरे झाले, घरी आली नाही. कधी सुट्टी नसते, कधी कागदपत्रं अडकलेली असतात. तिकडे नीलकंठही नाही. तिकडे काय आहे विचारलं तर म्हणते, "झाडावर खारी आहेत बाबा. आन बर्फ."

मागच्या वर्षी मी मोबाईलवर नीलकंठ टिपून पाठवला होता. तिचा मेसेज आला, "बाबा, तारेवर पिशवी अडकली आहे का?"

मला ते फार लागलं. दीपालीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, त्याहून जास्त लागलं.

"पोट्टीनं पिशवीले पाहून मागतलं असन तं कसं भेटीन?" ती म्हणाली. "म्हणूनच तं येऊन नाई राह्यली."

मी शिकलेला माणूस, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. मी हसायला पाहिजे होतं. पण पोर तीन वर्षं दिसली नाही की शिकलेल्या माणसाचंही डोकं चालत नाही. मलाही मनातून वाटायला लागलं, आपल्याच धुरकट फोटोनं सगळा घोटाळा केला. नेटवरचा फोटो दीपालीला मंजूर नव्हता. तिचं म्हणणं, पक्षी त्याच सकाळचा पाहिजे आणि घरच्या माणसानं पाहिलेला पाहिजे.

म्हणून मी जलालुद्दीनभाईंच्या स्टुडिओत गेलो. मार्कंड्याची जत्रा असो की कुणाच्या घरचं लग्न, आमच्याकडे फोटो त्यांचेच. लेकीसाठी म्हटल्यावर त्यांनी लग्नाचा नवा कॅमेरा लांब नळीसकट माझ्या गळ्यात घातला.

"दिनेशभाऊ, काहीच करायचं नाई. ऑटोफोकस हाय. ये सिर्फ डोळा पकडता. एकदा पकडला ना, मंग नवरी नाचो का रडो, सोडत नाई!"

"उडला तरी?"

"उडनेवाली नवरी आजतक तो नाई देखी," भाई म्हणाले, "पर पकडीन."

घरी सराव सुरू केला. ऑटोफोकस म्हणजे आपल्याला पाहिजे तिथे फोकस, असा माझा समज होता. तसं नसतं. त्याच्या मनात येईल तिथे फोकस. भिंतीवरच्या मैनेवर धरला, तर मागच्या दोरीवरची माझी चड्डी अशी स्पष्ट आली की धागे मोजून घ्या. शेजारच्या कोंबड्यांवर धरला, तर तुळशीच्या मंजिऱ्या. बकरीवर धरला, तर बकरीसमोरची काडी. दीपाली मध्ये आली की मात्र एकदम कडक फोटो! पण दीपालीचा फोटो कॅनडाला पाठवून काय करायचं? ती तर रोज फोनवर दिसतेच, असं मला तेव्हा वाटलं.

आता माझी खरी चूक सांगतो. आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून मी जलालुद्दीनभाईंना फोन लावला. शेजारच्या बाकावर एक माणूस चहा पीत होता. तो जंगलालगतच्या गावचा सुकलू, वन समितीचा सदस्य, हे मला नंतर कळलं. आणखी एक गोष्ट मला माहीत असूनही वेळेवर आठवली नाही. आमच्या जंगलपट्ट्यात 'फोकस' म्हणजे शिकारी लोक नेतात तो झगझगीत दिवा. 'बॅटरी' म्हणजे टॉर्च. आणि 'तार' म्हणजे डुकरासाठी करंट सोडलेली तार. आता माझं बोलणं त्या सुकलूच्या कानानं ऐका.

"हो भाई, सकाळीच निघतो. तळ्याच्या पलीकडं, जंगलाच्या कडेले. तारेवरच भेटते तो... नाई नाई, आवाज बिलकुल नाई, सायलेंट ठेवतो ना! डोळ्यावर फोकस मारला का बस, धाड धाड धाड! सुटलाच नाई पायजे... हो, उद्याच्या उद्या कॅनडाले पाठवाचा हाय. तिकडं भेटत नाई ना!"

सुकलूनं चहा अर्धा टाकला आणि उठून गेला. मला वाटलं, चहात साखर कमी असेल.

दसऱ्याच्या सकाळी मी आणि दीपाली स्कूटरवरून निघालो. धानाच्या लोंब्या वाकल्या होत्या. तळं ओलांडलं आणि पहिल्याच विजेच्या खांबाजवळ तारेवर तो बसलेला! बसला की नीलकंठ अगदी मातकट दिसतो, आपल्या ऑफिसातल्या माणसासारखा. उडाला की मग निळाच निळा. दीपाली हात जोडून थोडी पुढे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहिली. मी धानाच्या बांधीच्या काठाला पालथा पडलो, पक्ष्याला माणूस दिसू नये म्हणून अंगावर घोंगडी ओढली आणि धाड धाड धाड सुरू केलं.

"हलू नोको! हात वर!"

घोंगडीतून डोकं काढलं तर समोर खाकीतला गार्ड लोकेश, बाजूला काल टपरीवर चहा पिणारा तो सुकलू आणि मागे काठ्या घेतलेले चार-पाच गावकरी.

"फोकस कुठी हाय?" लोकेशनं विचारलं.

"याच्यातच हाय," मी कॅमेरा दाखवला. "आपोआप लागते."

"बॅटरी?"

"एक आत हाय. एक खिशात."

"तार कुठी लावली?"

"मी काऊन लावू? वर हाय ना ती, पयलेपासूनच."

"करंट हाय तिच्यात?"

"असन ना! पण त्याले काई होत नाई. तो रोजच बसते."

लोकेशनं सुकलूकडे पाहिलं. सुकलूनं माझ्याकडे. मग लोकेशनं अगदी शांतपणे विचारलं, "याच्या आंधी कितीक मारले?"

इथे मी घसरलो. आजवर मला माझ्या छंदाविषयी कुणी काही विचारलंच नव्हतं हो! मी खुललो.

"काल घरीच शंभरेक मारले. मैना मारल्या, कोंबड्या मारल्या, शेजाऱ्याची बकरी मारली. बायकोले बी दोन-तीनदा मारलं, पण ते चुकून. मंधात आली."

 सुकलूनं काठी सरळ धरली.

"बायको कुठी हाय आता?"

"ते काय, धुऱ्यावर उभी हाय."

सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं. दीपाली पदर सावरत येतच होती. सुकलू धावत पुढे गेला. "बाई, तुमी बऱ्या हा ना? लागलं तं नाई कुठी?"

"मले काय लागन? अवो, कोण हायत हे लोकं? आन तुमी हात काऊन वर केले?"

"या लोकायले वाटते मी शिकारी हाय."

"हे?" दीपाली म्हणाली. "घरातली पाल बी मलेच हाकला लागते!" (हे तिनं एवढ्या लोकांसमोर सांगायची खरंच गरज नव्हती.)

मग तिनंच सगळं सांगितलं. पोरगी, कॅनडा, तीन दसरे, पिशवी, सगळं. सुकलू हसू दाबत होता. लोकेशनं माझ्या शर्टाची माती झटकली. पण या गोंधळात तार रिकामी झाली होती. दीपालीनं वर पाहिलं आणि ती धुऱ्यावर मटकन बसली.

"गेला," ती म्हणाली. "या साली बी गेला." आणि नव्या साडीच्या पदरात तोंड घालून रडायला लागली.

 लोकेश घाईघाईनं म्हणाला, "थांबा ना बाई, साहेबायनं एवढे काढले, एखादा तं आलाच असन."

आम्ही सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झालो. पहिल्या फोटोत नीलकंठ म्हणजे मातकट डाग. दुसऱ्यात तोच डाग, जरा मोठा. सगळ्या फोटोंत तसंच. आणि प्रत्येक फोटोच्या कडेला, एका बाजूनं दिसणारी दीपाली. कपाळावरचा घाम, कानामागची पांढरी बट, पापणीवर अडलेलं पाणी, सगळं लख्ख. जलालुद्दीनभाई म्हणाले होते, डोळा पकडते. कुणाचा, ते मी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या कॅमेऱ्याला माणसाचा डोळा समजतो. नीलकंठ त्याच्या हिशेबात वऱ्हाडी पण नव्हता.

शेवटच्या फोटोत तिचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते. ती काय मागत होती, ते सुकलूलासुद्धा विचारावं लागलं नाही. मला दिव्याची इतकी आठवण आली की मी उगाचच कॅमेऱ्याचं झाकण शोधायला लागलो.

"तो पाहा!" सुकलू ओरडला. "पलीकडच्या खांबावर!"

मी कॅमेरा उचलला. दीपालीनं नाक पुसलं, मोबाईल काढला आणि म्हणाली, "तुमचा फोटो गेला चुलीत. आता सरळच दाखवू तिले." आणि तिनं व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे अजून नवमीचीच रात्र होती. दिव्या कामावरून नुकतीच आली होती, अंगात कोट तसाच.

"आई? रडून काऊन राह्यली? काय झालं?"

"काई नाई झालं. तू तारेवर पाह्य. दिसला का?"

"तुझं बोट दिसते, आई."

"आता?"

"आता कोणाची तरी काठी दिसते."

सुकलूनं काठी पाठीमागे लपवली. आणि नेमका तेव्हाच नीलकंठ उडाला. आमच्याच दिशेनं आला, पंख उघडून, निळाच निळा! "दिसला! आई, दिसला!" दिव्या ओरडली आणि तिनं डोळे गच्च मिटले, लहानपणी स्कूटरवर मिटायची तसेच. लोकेशनं डोक्यावरची टोपी काढली.  नीलकंठ समोरच्या बाभळीवर जाऊन बसला. मी म्हटलं, एवढ्या जवळून परत संधी नाही. वाकून, चोरपावलांनी कॅमेरा घेऊन पुढे सरकलो. माझी टोपी घसरून डोळ्यांवर येत होती म्हणून ती काढून खिशात कोंबली.

बऱ्याच वेळानं फोनमधून आवाज आला.

"आई, मी डोळे मिटले तवा समोर नीलकंठ होता. उघडले तं बाबांचं टक्कल!"

मी मागे वळून पाहिलं. मी फोनच्या अगदी पुढ्यात उभा होतो.

"अवो, सरका ना!" दीपाली ओरडली. "दिव्या, मागतलं का पण तू?"

"मागतलं ना. पण कधीपासून टक्कल होतं काय माहीत. सगळं टकलालेच मागून झालं असन."

गावकरी हसले. सुकलूला राहवलं नाही. तो फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "काय मागतलं वो बाई?"

 दिव्या म्हणाली, "मले घरी न्या, म्हटलं. दिवाळीले. मले नाई राहावत आता इथी." आणि ती आपल्या आईसारखीच, कोटाच्या बाहीत तोंड घालून रडायला लागली.

 मी कॅमेरा खाली केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच दीपालीनं डोक्यावरून पदर घेतला, फोन बगलेत दाबला आणि गार्डासमोर, अख्ख्या वन समितीसमोर माझ्या टकलाला हात जोडले.

"पावा आता," ती म्हणाली. "आन उडून जाऊ नोका!"