ओंदोरा डावीकडे वळला

गावाची पत ते कोणी बांधलं यावर ठरत नाही, ते कोणी तुडवलं यावर ठरते. तोक्योला हे जुनंच ठाऊक आहे. दर दोन-चार वर्षांनी पडद्यावर एखादा राक्षस येऊन ते सपाट करतो आणि तिथली माणसं छाती फुगवून सांगतात, "तो पाय पडला ना, तिथं माझं ऑफिस." लहान गावांना मात्र तुडवून घ्यायलाही वशिला लागतो. कावाशिमो गावाशेजारच्या मिनासेची नगरपालिका मागच्या चित्रपटात शेपटीखाली गेली, तेव्हापासून तिथले पर्यटक एकशे चाळीस टक्क्यांनी वाढले. (आधी पाच यायचे, आता बारा येतात.)

म्हणून ओंदोरा राक्षसाचा नवा चित्रपट कावाशिमोत होणार म्हटल्यावर टोफूवाला कुरेमात्सू हरखला. तो पेठेतल्या दुकानदार संघाचा अध्यक्ष. चित्रपटाच्या खर्चात जिल्ह्यातले सगळे पूल दुरुस्त झाले असते. पण दुरुस्त पूल बघायला तिकीट कोण काढतं?

"ओंदोराचा पाय आपल्याच पेठेवर पडणार," तो ओगिवारा न्हाव्याच्या खुर्चीत बसून म्हणाला.

"तुझ्या पेठेवर कावळा बसत नाही, राक्षस कशाला येतोय. चौकातून डावीकडे वळेल बघ."

"आणि नाही वळला तर?"

"तर भर पेठेत तू माझं डोकं भादर. वळला तर मी तुझं."

साठीतही कुरेमात्सूचे केस दाट होते. पेठेत अजून वाढत असलेली ती एकमेव गोष्ट.

नीट चिरडलं जाण्याचा ठराव संघाने एकमताने मंजूर केला. चिरडताना घाण दिसू नये म्हणून पेठ धुतली. मासळीवाल्या ताकीआजींनी दुकानाची पाटी काढून छपरावर उताणी टाकली, म्हणजे राक्षसाला वरून वाचता यावी. कुरेमात्सूने भोंगा घेऊन सगळ्यांना पळायला शिकवलं.

चित्रीकरणाच्या दिवशी माणसं जीव खाऊन किंचाळत चौकापर्यंत पळाली आणि थांबली. सिग्नल लाल होता. किंचाळणं चालूच होतं, जरा हळू आवाजात.

"अहो, मागे राक्षस आहे," सहाय्यक दिग्दर्शक ओरडला.

"आहे ना," कुरेमात्सू म्हणाला, "पण लाल आहे."

चित्रपटवाल्यांनी सिग्नलच बंद करायला लावला. मग तर कुणीच हलेना.

"ताकीआजी, तुम्ही आधी."

"नको बाळा, तू हो पुढे. तुझ्यामागे संसार आहे."

दिग्दर्शक इवाबुचींना हे फार आवडलं. ते म्हणाले, असंच ठेवू. कुरेमात्सूला डोकं वाचल्यासारखं वाटलं. मग इवाबुचींनी पेठेत आतवर नजर टाकली. दोन्ही बाजूंना ओळीने खाली ओढलेली, गंजलेली शटरं.

"इथं आधीच कुणी येऊन गेलं का?"

"छे हो, आज सुट्टी आहे," कुरेमात्सू म्हणाला. (सुट्टीला नऊ वर्षं झाली होती.)

पहिला खेळ बायपासवरच्या मॉलमध्ये झाला, कारण पेठेतलं थिएटर केव्हाच बंद पडलं होतं. सगळं गाव गाड्या काढून गेलं. पडद्यावर ओंदोरा पेठेच्या तोंडाशी आला, वाकला, आत डोकावला. मोडण्यासारखं काही दिसेना. त्याने सुस्कारा सोडला आणि तो डावीकडे वळला. मग त्याने बायपासवर जाऊन मॉल लाथाडला, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. खेळ सुटल्यावर, आलोच आहोत तर, म्हणून सगळ्यांनी त्याच मॉलमधून आठवड्याचं सामान भरलं.

रविवारी पेठेच्या मधोमध खुर्ची मांडली. अख्खं गाव लोटलं. पेठेने इतकी माणसं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कुरेमात्सू टॉवेल गुंडाळून ताठ बसला.

"हळू चालव," तो कुजबुजला. "गर्दी आहे तोवर."

"हळूच चालवतोय," ओगिवारा म्हणाला. "मलाही हरायचं होतं, लेका."

शेवटची बट पडली. लोकांनी फोटो काढले, टाळ्या वाजवल्या, गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवले आणि पांगले. जाताना प्रत्येकजण आदबीने वाकला. टोफू कुणी घेतला नाही. घरी मॉलमधला पडून होता.

तुम्ही हसलात, हरकत नाही. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शेवटचे कधी गेला होतात, तेवढं आठवून बघा. पत्ता विचारायला गेलेलं धरत नाहीत.