गुडघ्याएवढा ओटा

आमच्या नव्या इमारतीचा नकाशा मी काढला. हातात पेन्सिलसुद्धा न धरता काढला. खुर्चीत बसून, शेंगा सोलता सोलता. यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही, हवं तर आमच्या नातजावयाला विचारा. नको, त्याला सध्या नका विचारू.

जुनी इमारत म्हणजे चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि दाराशी काळ्या दगडाचा एक लांबलचक ओटा. तो ओटा ध्यानात ठेवा. संध्याकाळ झाली की आम्ही दहा जणी त्यावर बसायचो. रस्त्यावरून कोण कोणाबरोबर गेलं, कोण उशिरा आलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, सगळ्याची नोंद आमच्याकडे. पोस्टमनला घर सापडलं नाही तर तो पत्र आमच्यापुढे धरायचा आणि आम्ही पाकीट न उघडता आत काय आहे तेही सांगायचो.

तर ही इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. कोणाचा नकाशा घ्यायचा, ते सोळा घरांनी मत देऊन ठरवायचं. एका बाजूला एक मोठी कंपनी. तिचं चित्र डोक्यापासून पायापर्यंत काचेचं. आम्ही त्यांना काचवालेच म्हणायचो. त्या काचेत चैत्रवैशाखात माणूस बसवला तर संध्याकाळपर्यंत पापड. आणि दुसऱ्या बाजूला माझी नात.

नात आर्किटेक्ट. आधी एका बड्या ऑफिसात होती, तिथे तिनं तीन वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे फक्त संडास काढले. मग लग्न झालं आणि नवराबायकोनं मिळून स्वतःचं ऑफिस थाटलं, एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानात. कापड बेतायच्या टेबलावर नकाशे काढतात.

"आजी, ही आमची पहिली इमारत," ती म्हणाली. "ही मिळाली नाही तर दुकान बंद. मी परत संडासात."

"मिळाली समज," मी म्हटलं. "मी आहे ना."

तेव्हाच तिचा चेहरा जरा उतरला होता. पण मी शेंगा सोलत होते, लक्ष दिलं नाही.

तिचं म्हणणं मला पटलं होतं. ती म्हणायची, माणसं आता पूर्वीसारखी राहत नाहीत. आमच्याच मजल्यावरची नर्सबाई घ्या. रात्रपाळी करते, लोकांची सकाळ ही तिची मध्यरात्र. खालचं जोडपं घरूनच नोकरी करतं. तो एका भिंतीकडे तोंड करून फोनवर ओरडतो, ती दुसऱ्या. वरचे मास्तर एकटेच. मग सगळ्यांना एकाच साच्यातली घरं कशाला? आधी माणसाला विचारायचं, तू दिवसभर काय करतोस, कुठे बसतोस, कुठे रुसतोस. मग भिंत घालायची. ऊन, वारा, पाऊस फुकट मिळतो, तो वापरायचा, यंत्रं कमी.

विचारायला घरं वाटून घेतली. पंधरा घरं नातीनं घेतली. माझं घर नातजावयाला दिलं, कारण मी तिला उत्तरं द्यायच्याऐवजी तिलाच प्रश्न विचारते, असं तिचं मत.

इथेच चूक झाली. ती माझी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या घरात एक नियम आहे: आजी जे काही सांगेल, त्याला चारनं भागायचं. हा नियम आमच्या ह्यांनी काढला. एकदा मी न्हाणीतून ओरडले, "आठ फुटी साप आहे!" तर हे शांतपणे दोन फुटी काठी घेऊन आले. निघाली पाण्याची नळी. पण मोजली तर बरोब्बर दोन फूट. तेव्हापासून लेक, सून, नातवंडं, सगळी भागतात. नातजावई घरात येऊन आठच महिने झालेले. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. बरं, मुलगा इतका सालस की वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू देत नाही. पडायच्या आत टिपून घेतो.

आला तो वही, पेन आणि मोजायची टेप घेऊन. वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "बसा जावईबापू. विचारा."

"आजी, पाणी किती लागतं तुम्हाला रोज?"

"पाणी? एक बादली."

"पिण्याचं?"

"सगळ्याचं. आंघोळ, धुणं, भांडी, फरशी. उरलेलं कुंड्यांना. तरी अर्धी बादली उरते, ती मी शेजारी देते."

त्याचे डोळे भरून आले. खरंच. टिपून घेतलं.

"आणि जिना? त्रास होतो का चढायला?"

"त्रास? दिवसातून चाळीस वेळा चढते मी."

"चाळीस?"

"सकाळी. दुपारचं मोजलेलं नाही."

"वारा कसा येतो?"

"काय सांगू तुम्हाला! एकदा वरच्या मास्तरांच्या हातातला पेपर उडून माझ्या खिडकीतून आत आला. आणि मागोमाग मास्तर."

इथे त्यानं वर बघितलं. मी शेंगेकडे. त्यानं 'मास्तर' लिहिलं, खाली रेघ मारली.

"शेवटचा प्रश्न. घरातली तुमची सगळ्यात आवडती जागा कोणती?"

"घरात नाहीच," मी म्हणणार होते. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ओटा."

तो एकदम सावरून बसला. "ओट्यावर किती वेळ असता?"

"चार तास. आम्ही दहा जणी."

"दहा? ओट्यापाशी?"

"ओट्यावर. मांडी घालून. एखादी आडवी होते."

पेन थांबलं. "मग स्वयंपाक..."

"तिथे कोण स्वयंपाक करतंय? भाजी तेवढी निवडतो. रस्ता मात्र दिसायला हवा हं, रस्ता दिसत नसेल तर ओट्याला काय अर्थ?"

"उंची किती ठेवू आजी?"

"गुडघ्याएवढी. आता पाय वर चढत नाहीत."

चाळीस वेळा जिना चढणाऱ्या बाईचे पाय गुडघ्याच्या वर चढत नाहीत, हे त्याला खटकलं नाही. त्यानं टेप काढली आणि अदबीनं विचारलं, "आजी, तुमचा गुडघा मोजू?" मी म्हटलं, मोजा. सव्वा फूट.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सगळी सोळा घरं गच्चीत जमली. काचवाल्यांनी आदल्या रविवारीच पडद्यावर सिनेमा दाखवला होता. त्यातली माणसं इतकी गोरीगोमटी की आमच्यापैकी कोणालाच त्या इमारतीत जागा नाही, असं वाटत होतं. आज नातीची पाळी. टेबलावर पुठ्ठ्याची इमारत, वर चादर. बाहेरची इमारत नातीनं केलेली, आतली घरं नातजावयानं. गोंद सकाळीच वाळला होता, त्यामुळे आत काय आहे ते तिनंही धड बघितलं नव्हतं.

चादर निघाली आणि माझी छाती अशी फुगली की शेजारणीला सरकावं लागलं. काय इमारत होती! उन्हाच्या बाजूला खोल सज्जे, वाऱ्याच्या बाजूला जाळ्या, मध्ये उजेडाचा चौक. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी मोकळी जागा. सेक्रेटरी, जे स्वतःच्या वाढदिवसालाही हसत नाहीत, ते म्हणाले, "चांगलं आहे."

"आता आतली घरं," नात म्हणाली आणि वरचा मजला डब्याच्या झाकणासारखा उचलला.

सगळे वाकले. मग कोणीच सरळ होईना.

प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात, खिडकीला लागून, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लांब ओटा. गुडघ्याएवढा. आणि त्यावर पुठ्ठ्याच्या नऊ बायका मांडी घालून बसलेल्या. दहावी आडवी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नातजावयाचा जन्म सातव्या मजल्यावरचा, वाढला अकराव्या मजल्यावर. दाराबाहेरच्या दगडाला तो 'सीटिंग' म्हणतो. त्याच्या लेखी ओटा एकच: ज्यावर गॅस ठेवतात तो.

"यात गॅस कुठे ठेवायचा?" नर्सबाईनं विचारलं.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या आजींच्या मधे," नातजावई म्हणाला. अगदी मनापासून.

"लिफ्ट कुठे दिसत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"गरज नाही असं दिसलं. वीजही वाचते. इथल्या सगळ्यात ज्येष्ठ रहिवासी रोज चाळीस वेळा जिना चढतात. म्हणून मी सगळीकडे त्यांचेच आकडे धरले."

सोळा घरं माझ्याकडे वळली. मी आभाळाकडे बघितलं.

"आणि पाण्याची टाकी? ती डबी?"

"सोळा घरं, सोळा बादल्या. पावसाच्या पाण्यातच भागेल."

मग मास्तर पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसून त्यांच्या खिडकीवर बोट ठेवलं. "माझ्याच खिडकीला एवढे जाड गज का?"

"तुमच्या सुरक्षेसाठी सर. वाऱ्यात तुम्ही परत जाऊ नये म्हणून."

"परत?"

मग जो हशा पिकला! एकजण खुर्चीवरून घसरला. कोणीतरी म्हणालं, "काचवाल्यांनाच देऊन टाका, निदान गॅस ठेवायला जागा तरी आहे." आणि माना हलायला लागल्या. सेक्रेटरींनी मतांच्या चिठ्ठ्या काढल्या.

मी नातीकडे बघितलं. ती रडली नाही. गोंदाच्या बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती, लावत होती. लहानपणी शाळेत पहिल्या दिवशी डब्याचं झाकण असंच करत बसली होती. आणि नातजावई एवढासा होऊन वहीत बघत होता, माझा आकडा कुठे चुकीचा टिपला ते शोधत. बिचाऱ्यानं एकही आकडा चुकीचा टिपला नव्हता.

आता मी गप्प बसले असते तर चाळीस वेळा जिना चढणारी म्हणून मेले असते. ती अब्रू मी पन्नास वर्षं खपून कमावली होती. पण नात संडासात जाणार होती. मी उठले.

"थांबा," मी म्हटलं. "पोराची चूक नाही. मी रोज जिना चढते तो एकदा. तोही दोनदा बसून. मला पाणी चार बादल्या लागतं आणि शेजारून मीच मागून आणते. मास्तर कधीच उडाले नाहीत."

"पेपर?" मास्तरांनी विचारलं.

"पेपर आला होता. वाचून परत दिला नाही मी."

"आणि हा ओटा?" सेक्रेटरी.

"तो तेवढा खरा. पण तो आतला नाही, दारातला. ज्यावर आम्ही बसतो तो. त्याला इमारतीत जागाच ठेवलेली नाही कोणी, काचवाल्यांनीसुद्धा नाही."

मग नर्सबाई हळूच म्हणाली, "मी सकाळी कामावरून येते तेव्हा खाली कोणी नसतं. संध्याकाळी सगळ्या बसतात तेव्हा मी निघालेली असते. दोन वर्षं झाली, त्या ओट्यावर एकदाही बसले नाहीये. माझ्या दारापाशी असता, तर चहाचा कप घेऊन पाच मिनिटं बसले असते."

"चार जिने उतरून मीही येत नाही," मास्तर म्हणाले. "ऐकू मात्र सगळं येतं."

नातीच्या हातातलं झाकण थांबलं. तिनं चिमटा घेतला. एकेका स्वयंपाकघरातून पुठ्ठ्याचा ओटा उपसून काढला, बायकांसकट, आणि जिन्यापाशी जी मोकळी जागा होती तिथे, सज्ज्याच्या सावलीत, ठेवून दिला. एक इथे, एक त्याच्या खाली, एक त्याच्या खाली. प्रत्येक मजल्याला आपला ओटा. गुडघ्याएवढा. रस्ता दिसणारा.

"मधल्या चौकात लिफ्ट बसते," ती म्हणाली. आवाज आता तिचा तिला सापडला होता. "टाकीला गच्चीत जागा आहेच. आणि स्वयंपाकघरात उभ्या माणसाचा ओटा. आजी, तुम्ही सगळ्या बसता किती जणी? खरं सांग."

"दहा," मी म्हटलं. "देवाशपथ दहा."

नातजावयानं टिपून घेतलं.

मतं पडली. सोळाच्या सोळा नातीला! मास्तर म्हणतात नऊ, पण त्यांना आकड्यांतली गंमत कधीच कळली नाही.

दोन वर्षांत इमारत उभी राहिली. खोटं नाही सांगत, उन्हाळ्यातसुद्धा पंखा लागत नाही. म्हणजे दुपारी लागतो. वरच्या मजल्यावर मास्तरांनी आठ माणसांचा ओटा सांगितला होता, त्यांना आठ माणसांचा मिळाला. रोज सकाळी नर्सबाई माझ्या दारापाशी कप घेऊन बसते. मी शेजारी. आमच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो की तो भरतो.

हो, भरतो. राहायला आले त्या दिवशी मी बघतच राहिले. दोन बायका नीट मावतात आणि तिसरीची एक मांडी. मी नातजावयाला हाक मारली.

"जावईबापू, मी दहा म्हटलं होतं ना?"

"हो आजी," तो अभिमानानं म्हणाला. "आता मला नियम माहीत आहे. मी भागलं."

दहा भागिले चार. अडीच. जन्मात एकदा देवाशपथ खरा आकडा सांगितला, तो असा दगडात कोरला गेला. उंची भागली नाही हे नशीब, नाहीतर घोट्याएवढा ओटा.

आता आम्ही संध्याकाळी मास्तरांच्या मजल्यावर जातो. ते कुरकुरतात, पण चहा देतात. कधी आलात तर तिथेच या. आम्ही चाळीस जणी असतो.