व्यत्ययाचा रकाना

निरीक्षण हा सर्व ज्ञानाचा पाया आहे, असे जाणकार सांगतात. जाणकारांना घरात दुसरे काम नसते, त्यामुळे ते खरे असावे. आमचे दादा अभिलेख विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी परसात पक्ष्यांच्या दाणापाण्याची सोय केली. म्हणजे वहिनींना करायला सांगितली.

(साधने : लाकडी फळी एक, मातीच्या ताटल्या दोन, दुर्बीण एक, खुर्ची एक. पैकी फळी व ताटल्या रोज धुऊन भरणे वहिनींकडे. दुर्बीण व खुर्ची दादांकडे. कामाची इतकी न्याय्य वाटणी हल्ली पाहायला मिळत नाही.)

नोंदवहीत सहा रकाने होते : तारीख, वेळ, पाहुणा, वर्णन, वर्तन आणि व्यत्यय. दादांची नजर म्हणजे नजर! साळुंकीच्या डोळ्याभोवतीचा पिवळा रंग उजव्या बाजूला किंचित फिका आहे, हे त्यांनी बसल्याजागी हेरले. एका लंगड्या चिमणीला तीन पाने दिली. खार दाणा कोणत्या पंजात धरते, यावर स्वतंत्र पुरवणी जोडली. (दोन्ही.)

पाहुणे बुजू नयेत म्हणून सकाळी सहा ते दहा घरात शांतता लागू झाली. कुकरची शिट्टी बंद. बादलीची कडी वाजवण्यास मनाई. खोकला आल्यास पुढच्या खोलीत जाऊन खोकावे. वहिनींना कपडे वाळत घालायला परसात जावेच लागे, त्याची नोंद शेवटच्या रकान्यात होई. सहा महिन्यांची गोळाबेरीज अशी : चिमणी ४१२, कावळा ३९०, साळुंकी १०३, शेजारचा बोका ५७ (दुर्बिणीतून तो प्रथम वाघ वाटला, नोंद मागाहून दुरुस्त केली), वहिनी २१४.

"दादा, वहिनींचा चेहरा उतरलेला दिसतोय," मी एकदा म्हटले.

"हळू बोल, खार आलीय."

खार खरेच आली होती. मग मीही बघत बसलो.

एका मंगळवारी वहिनी बॅग घेऊन खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "अहो, ऐकताय का? मी ताईकडे चाललेय. भिंतीशी बोलून बोलून कंटाळले मी. परत येईन असं धरून चालू नका."

दादांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता हात मागे केला आणि "शूऽऽ" म्हणाले. नोंद : '६.४२. व्यत्यय (तोंडी). अर्धा मिनिट. चिमणी उडाली.'

बुधवारी व्यत्यय निरंक. गुरुवारी निरंक. वहीच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते, आणि दादा भलतेच खूश होते. (वहिनींनी जाताना फ्रीज आणि ताटल्या दोन्ही काठोकाठ भरून ठेवले होते, ते गुरुवारपर्यंत पुरले.) शुक्रवारी पाहुणेही निरंक. दादांनी शेरा मारला, 'सामूहिक स्थलांतर. कारण अज्ञात.' दुपारी फ्रीज उघडल्यावर कारण ज्ञात झाले.

तडक वही काखोटीला मारून ते मेहुणीच्या घरी निघाले. मला सोबत घेतले, साक्षीदार म्हणून.

"माझं तुझ्याकडे लक्ष नसतं म्हणतेस? हे घे! दोनशे पंधरा नोंदी. मिनिटासकट!"

वहिनींनी चष्मा लावला आणि अख्खी वही शांतपणे वाचली. लंगड्या चिमणीच्या पानांवर जरा जास्तच थांबल्या. "किती मायेनं लिहिलंय हो," म्हणाल्या. मग वही मिटली. "आता एवढंच सांगा. हा चष्मा मला कधी लागला?"

दादा वही चाळू लागले.

दोन वेळा चाळून झाली. वहिनी उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतले. मला फार वाईट वाटले, पण चष्म्याचे मलाही आठवेना.

हल्ली दादांची खुर्ची पुढच्या फाटकाकडे तोंड करून असते. दुर्बीण दिवसभर डोळ्यांना. पाहुणा निरंक.

हसा, खुशाल हसा. दादांना निदान सहा बेचाळीस ही वेळ तरी पाठ आहे. तुम्ही हे वाचत असताना घरातले कुणीतरी दारात येऊन काहीतरी म्हणाले, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय म्हणाले होते ते?