तिसऱ्या हाकेचे संगणक

खारबंदरच्या वाचनालयातले संगणक जिल्ह्याहून आलेल्या हाकेला उठत नव्हते, कारण लांबून आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रजनी घाडीला ते ठाऊक नव्हतं. वाचनालय सांभाळणारी ही बाई पदवीधर, म्हणून तिने आधी केबल हलवून पाहिली.

जिल्हा कार्यालयाचं नवं फर्मान असं, की साहेब तिकडून कळ दाबणार, तारेतून हाक येणार आणि इकडचे झोपलेले संगणक उठणार. आजच्या तपासणीत उठणार नाहीत ते उचलून तालुक्याला न्यायचे आणि खोलीला कुलूप लावायचं. मग गावच्या पोरींनी कॉलेजचे अर्ज कुठे भरायचे? ते काही फर्मानात नव्हतं.

फोनवर जिल्हा कार्यालयातले, मूळचे यवतमाळचे ठोंबरे साहेब होते. "केबलचा दिवा लागून आहे का मॅडम?"

"लुकलुकतोय."

"म्हणजे झोपेतही कान उघडे आहेत. सेटिंगमध्ये उठायची परवानगी दिली?"

"कालच दिली."

"मग उठत काहून नाहीत?"

रजनीने दाराजवळच्या संगणकाचं बटण हाताने दाबलं. तो घुरघुरत उठला.

"साहेबांची हाक ऐकू नाही आली?" तिने त्याला विचारलं.

"इली तर! पण पयल्या हाकेक ओ देतत काय गो? भूत-देवचार आसलो तर?"

"अरे, जिल्ह्याचे साहेब आहेत ते!"

"तां आमका कसां कळतला? देवचार तिनदा हाक मारणा नाय. सायबांका तिनदा मारूक सांग."

रजनीने तसंच सांगितलं. साहेब हसले नाहीत. कागद चाळल्याचा आवाज आला.

"नियमात एका यंत्राला एकच हाक आहे. आणि त्या एका हाकेत आम्ही त्याचा पत्ता सोळा वेळा पुकारतो!"

"एका दमात पुकारल्यानी," संगणक म्हणाला. "ती एकच."

रजनीने फोनमध्ये विचारलं, "साहेब, लहानपणी खेळताना आईच्या पहिल्या हाकेला घरी जायचात?"

"तिसऱ्या," साहेब म्हणाले. "चौथीला चप्पल यायची."

मग साहेबांनी दुसऱ्यांदा कळ दाबली. मग तिसऱ्यांदा.

"ओ!" अख्खी खोली एकदम म्हणाली आणि पडदे उजळले. कोपऱ्यातला एक तेवढा काळाच राहिला.

"एक कमी दिसतो," साहेब म्हणाले.

रजनीने दाराजवळच्याकडे पाहिलं.

"तो उठलो आसा," दाराजवळचा म्हणाला. "जरा लोळता."

तिने हेही कळवलं. साहेबांनी विचार केला.

"पण तो जागा आहे ना?"

"जागा आहे."

"मग उठला म्हणूनच लिहितो. खोली उघडी ठेवा."

बाहेर थांबलेल्या मुली चपला काढून आत आल्या. कोपऱ्यातल्याला त्रास नको, म्हणून त्यांनी अगदी हळू बोटांनी अर्ज भरायला घेतले.