वांग्यावरची गळती

सामंतमामा वांग्याच्या रोपावर अभिषेक करायचे. थट्टा नाही करत! पार्ल्याच्या आमच्या चाळीमागे तीन काठ्या रोवून त्यांनी भोकाचं मडकं टांगलं होतं, उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात तसं. भोकात कापसाची वात. थेंब थेंब पाणी, आणि खाली एकटं वांगं.

माणूस मुळातच विचित्र. कोणी पेल्यात पाणी उरवलं की ओरडणार, "तहान बघ, हौस बघू नकोस!" नळ जेमतेम यायचा हे खरं, पण म्हणून काय दाढीचं पाणी जपून ठेवायचं? आणि हाच मनुष्य रोज तांब्याभर प्यायचं पाणी त्या मडक्यात ओतायचा. माझ्या डोक्याचा पार भुगा व्हायचा.

शेजारच्या गोदूकाकूंना मात्र लगेच उलगडलं. "अहो, गळती आहे म्हणजे खाली पिंड असणारच! मामांना दृष्टान्त झालाय."

झालं! महाशिवरात्रीला बायका बेल घेऊन हजर. विहिरीवरून कळशा आणल्या आणि 'हर हर महादेव' म्हणत रोपावर रित्या केल्या. मामा कचेरीतून येतात तो मागे चिखल आणि वांगं आडवं.

"कोणी बुडवलं ह्याला?" म्हणत मामा तिथेच मटकन बसले. रडायलाच लागले हो! वांग्यासाठी?

"मामा, बाजारात ढिगानं मिळतात," मी म्हणालो.

"खायला कोणाला हवंय रे? जावयाची मास्तरकी माणदेशात. सुमी परसात पिकवील तीच भाजी, आणि विहीर कोसभर लांब. दिवाळीला आली तर हंडे वाहून वाहून पोरीचे टाळूवरचे केस गेलेले. म्हटलं, रोप किती कमी पाण्यात जगतं ते आधी आपण बघू. तिची एक खेप तरी वाचेल."

गोदूकाकूंनी नवं रोप आणून लावलं. पुढच्या सोमवारी कोणी कळशी घेऊन आली, तर तिच्या अंगावर धावून गेल्या, "तांब्याच्या वर थेंब घातलास तर बघ! तहान बघ, हौस बघू नकोस!"

अक्षय्य तृतीयेपर्यंत वांगी धरली. मामांनी ती चाळीत वाटून टाकली, रजा काढली आणि सणाच्याच दिवशी मडकं छातीशी धरून निघाले.

टांगेवाला हसला. "मामा, आज लोक भरला घडा देतात. तुम्ही हे भोकाचं कोणाला?"

"लेकीला," मामा म्हणाले. "जरा हळू चालव रे."